पाच फायनल हरूनही वाट न सोडणारा क्लब: आल्बा बर्लिनचं प्रकरण

फेब्रुवारी २०१९. जर्मन बास्केटबॉल चषकाची अंतिम लढत बाम्बेर्ग शहरात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्याच अंगणात. अखेरच्या काही सेकंदांत निकोस झिसिस या अनुभवी ग्रीक खेळाडूने तीन गुणांचा शॉट मारला आणि बाम्बेर्गने सामना ८३–८२ असा खेचून नेला. आल्बा बर्लिन एका गुणाने हरला. वर्षभरातली ही त्यांची तिसरी हरलेली फायनल होती आणि पुढच्या चार महिन्यांत आणखी दोन हरायच्या होत्या.

असं झालं की कोणत्याही खेळात, कोणत्याही देशात पहिली कुऱ्हाड कोचवर पडते. इथे ती पडली नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटतं. क्लब, कोच आणि नामवंत खेळाडू सार्वजनिक नोंदीतले असल्यामुळे त्यांची नावं दिली आहेत.

पार्श्वभूमी

क्लबचं मूळ पश्चिम बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागातल्या बास्केटबॉल संघात आहे. बर्लिनची भिंत पडल्यानंतर दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, बर्लिनमधल्या आल्बा कंपनीने संघाला आपलं नाव आणि पैसा दिला. ही कंपनी कचरा उचलण्याचा आणि त्याच्या पुनर्वापराचा धंदा करते. जर्मनीत संघाच्या नावात प्रायोजकाचं नाव असणं नेहमीचंच आहे. फरक इतकाच की बाकीच्या संघांची नावं दर काही वर्षांनी बदलत गेली आणि हे नाव टिकलं.

१९९३ मध्ये स्वेतिस्लाव पेशिच कोच म्हणून आले. त्याच उन्हाळ्यात म्युनिकमध्ये त्यांनी जर्मनीच्या राष्ट्रीय संघाला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. १९९५ मध्ये आल्बाने मिलानच्या संघाला हरवून कोराच चषक जिंकला. जर्मन बास्केटबॉल क्लबला मिळालेली ती पहिली युरोपीय ट्रॉफी. पुढे १९९७ ते २००३ अशी सलग सात वर्षं जर्मन विजेतेपद बर्लिनमध्येच राहिलं.

त्याआधीची सात विजेतेपदं, १९९० ते १९९६, लेव्हरकुझेनच्या संघाने अशीच सलग जिंकली होती. त्यांच्यामागे बायर ही औषधं बनवणारी अवाढव्य कंपनी उभी होती. नंतर कंपनीने व्यावसायिक बास्केटबॉलमधून हात काढून घेतला आणि २००८ मध्ये त्या संघाची पहिल्या श्रेणीतली जागा ड्युसेलडॉर्फला गेली. चौदा विजेतेपदं नावावर असलेला क्लब त्या श्रेणीतून पार दिसेनासा झाला. जर्मन बास्केटबॉलमध्ये कोणाचंही आसन किती कच्चं असतं ते यावरून कळतं. टीव्हीचा पैसा तुटपुंजा, फुटबॉलची सावली प्रचंड, आणि क्लबचा जीव बहुतेक वेळा एकाच मोठ्या कंपनीच्या मुठीत.

अडचण

२००३ नंतर २०१९ पर्यंत आल्बाला लीगचं विजेतेपद मिळालं ते एकदाच, २००८ मध्ये. त्याच वर्षी संघ मॅक्स श्मेलिंग हॉल सोडून श्प्रे नदीकाठच्या नव्या सभागृहात गेला. तिथे बास्केटबॉलसाठी जवळपास साडेचौदा हजार खुर्च्या आहेत. खुर्च्या वाढल्या, भाडं वाढलं, अपेक्षाही वाढल्या. लीगचं विजेतेपद मात्र येईना.

२०१० ते २०१९ या दहा वर्षांतली दहा विजेतेपदं पाहा: सात बाम्बेर्गची, तीन बायर्न म्युनिकची. बाम्बेर्ग हे सत्तर-पंचाहत्तर हजार वस्तीचं जुनं गाव, पण बास्केटबॉलचं वेड घराघरात, आणि पाठीशी वाहनांचे सुटे भाग बनवणारी ब्रोझे कंपनी. बायर्नच्या मागे तर फुटबॉल क्लबची सगळी ताकद. २०११ मध्ये पहिल्या श्रेणीत परतलेल्या बायर्नने २०१४ मध्ये फायनलमध्ये आल्बालाच हरवलं.

याच काळात आल्बाने कोच किती बदलले? २०११ च्या सुरुवातीला लुका पाविचेविच गेले. हंगाम मुली कात्सुरिन यांनी पूर्ण केला, पुढचा हंगाम गॉर्डन हर्बर्ट यांनी सांभाळला. मग साशा ओब्रादोविच चार वर्षं टिकले आणि त्यांनी २०१३, २०१४ आणि २०१६ चे चषक जिंकून दिले. त्यांच्यानंतर आलेल्या अहमेत चाकी यांना मे २०१७ मध्ये, प्लेऑफ (विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या फेऱ्या) तोंडावर असताना, काढलं. प्रत्येक कोच आपली पद्धत आणि आपल्या ओळखीचे खेळाडू घेऊन यायचा, आणि तो गेला की सगळी मांडामांड पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी अडचण ट्रॉफीच्या यादीत दिसत नाही. २०१२-१३ पासून जर्मन लीगमध्ये बारा जणांच्या चमूत निदान सहा जर्मन खेळाडू हवेत, असा नियम आहे. चांगले जर्मन खेळाडू मोजकेच, त्यामुळे त्यांचा भाव चढला. विकत घ्यायला जावं तर बायर्नशी बोली लावावी लागणार.

आल्बाकडे मात्र या बाबतीत एक शिदोरी होती. १९९३ च्या युरोपविजेत्या संघातले हेनिंग हार्निश खेळणं थांबवल्यावर क्लबमध्ये आले आणि व्यवस्थापक मार्को बाल्दी यांच्या साथीने त्यांनी मुलांचं काम उभं केलं. शाळांमध्ये, बालवाड्यांमध्ये, ग्रोपियसश्टाटसारख्या बर्लिनच्या टोकाच्या उंच इमारतींच्या वस्तीत क्लबचे प्रशिक्षक जाऊ लागले. सदस्यसंख्येच्या बाबतीत हा जर्मनीतला सर्वात मोठा बास्केटबॉल क्लब झाला तो या कामामुळे.

पण खालून येणारी ही वाट वरच्या दारापाशी अडत होती. प्रेन्झ्लाउअर बेर्गमधला मोरित्झ वाग्नर आल्बात वाढला आणि मोठ्या संघाच्या बाकावरही पोचला. त्याच्या वाट्याला कोर्टवरची मिनिटं मात्र फार थोडी आली. २०१५ मध्ये अठराव्या वर्षी तो अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेला आणि २०१८ मध्ये एनबीए या अमेरिकन लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पंचविसावा निवडला गेला. बर्लिनच्या प्रेक्षकांना त्याचा खेळ जेमतेम पाहायला मिळाला.

समोर असलेले पर्याय

२०१७ च्या उन्हाळ्यात क्लबच्या आत काय काय बोलणी झाली हे बाहेरच्याला कळायचा मार्ग नाही. तरी परिस्थिती पाहता तीन वाटा स्पष्ट दिसत होत्या.

पहिली, बायर्नच्या तोडीचा पैसा ओतून तयार तारे आणायचे. त्यासाठी प्रायोजकावरचं अवलंबित्व आणखी वाढलं असतं, आणि लेव्हरकुझेनचं उदाहरण ताजंच होतं. दुसरी, पुन्हा एक नामवंत कडक कोच आणायचा, दोन वर्षांत निकाल मागायचा, नाही मिळाला तर बदलायचा. सहा वर्षं हेच करून झालं होतं. तिसरी वाट म्हणजे हार्निश यांचं खालचं काम आणि वरचा संघ एकमेकांना जोडायचे, पोरांना खऱ्या सामन्यांत मिनिटं द्यायची आणि त्यापायी काही सामने हरायची तयारी ठेवायची.

तिसरी वाट बोलायला सोपी आहे. ती अमलात आणू शकेल असा कोच मिळणं हा खरा प्रश्न. बहुतेक कोचांचे करार एक-दोन वर्षांचे असतात. पुढच्या शनिवारी हरलो तर नोकरी जाईल, अशी टांगती तलवार डोक्यावर असलेला माणूस सोळा वर्षांच्या मुलाला कशाला मैदानात उतरवील?

पहिला निर्णय: सत्तर वर्षांचा कोच

२०१६ पासून क्लबचे क्रीडा संचालक होते हिमार ओखेदा, स्पॅनिश बास्केटबॉल आतून ओळखणारे. २०१७ मध्ये त्यांनी आईतो गार्सिया रेनेसेस यांना आणलं. आईतो यांचा जन्म १९४६ चा, म्हणजे तेव्हा वय सत्तर. त्याआधीचा हंगाम त्यांनी कोणत्याही संघाशिवाय घालवला होता.

कागदावर हे उलटंच दिसतं: तरुण संघासाठी निवृत्तीच्या वयाचा कोच. पण त्यांचा इतिहास पाहिला की उलगडा होतो. बार्सिलोनासोबत त्यांनी स्पेनची नऊ विजेतेपदं मिळवली होती आणि २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये स्पेनच्या संघाला रौप्यपदक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिकी रुबियोला चौदाव्या वर्षी स्पेनच्या पहिल्या श्रेणीत खेळवणारे तेच. पाऊ गासोल, रुडी फर्नांडेस, क्रिस्टाप्स पोर्झिंगिस हे सगळे घडत्या वयात त्यांच्या हाताखालून गेले. शिवाय सत्तरीच्या माणसाला पुढच्या नोकरीसाठी कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. माझ्या मते ही निवड यशस्वी होण्यात या शेवटच्या गोष्टीचा वाटा सर्वात मोठा आहे.

त्यांची पद्धत कोर्टवर लगेच दिसायची. दहा-अकरा जण आलटून पालटून खेळायचे, तीसपस्तीस मिनिटं खेळून कुणी दमत नसे, चेंडू सतत फिरता. संघाच्या मध्यभागी ल्यूक सिकमा, उंची आतल्या खेळाडूची आणि नजर पॉइंट गार्डची, म्हणजे खेळ रचणाऱ्याची. पहिल्याच हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सोबत क्लबच्याच शाळेत वाढलेला नील्स गिफाय. आणि बाकावर शहरातलीच पोरं: योनास मातिसेक, माल्टे डेलो, आणि मोरित्झचा धाकटा भाऊ फ्रान्झ.

मुलांसाठी मधली पायरीही बांधली होती. बर्लिनच्या ईशान्येला बेर्नाऊ नावाचं छोटं गाव आहे. तिथला लोक बेर्नाऊ हा संघ तिसऱ्या श्रेणीत खेळतो. आल्बाची पोरं दुहेरी परवान्यावर तिथे पुरुषांशी झुंजायची आणि मोठ्या संघासोबत सराव करायची. अठरा वर्षांखालच्या स्पर्धेतला हिरो एकदम मोठ्या मैदानावर बुजतो. ते बुजणं बेर्नाऊच्या छोट्या हॉलमध्ये आधीच उरकून घेतलेलं असायचं.

दुसरा निर्णय: पाच पराभवांनंतर काही न बदलणं

आता पराभव क्रमाने मांडतो. फेब्रुवारी २०१८, चषकाची फायनल, बायर्नकडून ८०–७५. जून २०१८, लीगची फायनल, बायर्नकडून ३–२, म्हणजे शेवटच्या पाचव्या सामन्यापर्यंत ताणून. फेब्रुवारी २०१९, सुरुवातीला सांगितलेला तो एक गुण. एप्रिल २०१९, युरोकपची (युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेची) फायनल, वॅलेन्सियाकडून २–१. जून २०१९, पुन्हा लीगची फायनल, पुन्हा बायर्न, या वेळी ३–० असा सरळ धुव्वा.

या यादीचे दोन अर्थ लागतात. एक, हा संघ मोक्याच्या क्षणी कच खातो. दोन, बायर्नपेक्षा कमी पैशांत उभा राहिलेला संघ दोन वर्षांत पाच वेळा शेवटच्या पायरीपर्यंत पोचला. दोन्ही अर्थांना आधार आहे, आणि त्या रात्री तिकीट काढून आलेल्या माणसाला पहिलाच पटणार. क्लबने दुसरा धरला. आईतो राहिले, सिकमा राहिला, गिफाय राहिला. युरोकपच्या फायनलपर्यंत मजल मारल्यामुळे २०१९-२० साठी युरोलीगचं, म्हणजे युरोपातल्या सर्वात वरच्या क्लब स्पर्धेचं, दारही उघडलं.

एक माणूस मात्र गेला. फ्रान्झ वाग्नर. २०१८-१९ मध्ये अठराही पूर्ण नसलेल्या या मुलाला आईतोंनी नियमित खेळवलं होतं आणि लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू हा मान त्याला मिळाला होता. तोही भावाच्या पाठोपाठ मिशिगनला गेला आणि २०२१ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये आठवा निवडला गेला. खेळाडू अमेरिकन कॉलेजात गेला की घडवणाऱ्या क्लबला तेव्हा एक युरोही मिळत नसे. फुटबॉलमध्ये अशा मुलाच्या बदलीच्या रकमेत अकादमी दहा वर्षं चालली असती. ही त्रुटी आल्बाची नाही, साऱ्या व्यवस्थेची आहे. तिची झळ मात्र जो क्लब मुलांवर खर्च करतो त्यालाच बसते.

तरी दोन भावांच्या गोष्टींतला फरक नजरेआड करू नये. थोरला गेला तेव्हा बर्लिन त्याला ओळखतही नव्हतं. धाकटा गेला तो दोन हंगाम घरच्या प्रेक्षकांसमोर खेळून. चार वर्षांत काय बदललं याचं उत्तर या दोघांच्या कोर्टवरच्या मिनिटांत आहे.

तिसरा निर्णय: २०२० चा उन्हाळा

फेब्रुवारी २०२० मध्ये बर्लिनच्या घरच्या सभागृहात आल्बाने ओल्डेनबुर्गला ८९–६७ असं हरवून चषक जिंकला. फायनलची साडेसाती सुटली. महिन्याभरात साथीमुळे सगळं बंद पडलं.

इथे क्लबने जे केलं ते मला विजेतेपदांपेक्षाही मोलाचं वाटतं. शाळा बंद झाल्या त्याच मार्चमध्ये आल्बाच्या मुलांच्या प्रशिक्षकांनी यूट्यूबवर रोजचा व्यायामाचा तास सुरू केला. बालवाडी, प्राथमिक आणि मोठी मुलं, असे तीन वेगळे तास. घरातल्या खुर्च्या, उशा, मोज्यांचे गोळे हेच साहित्य. जर्मनीभर लाखो वेळा ते तास पाहिले गेले. ज्यांनी कधी बास्केटबॉल हातात धरला नव्हता अशा घरांतही आल्बा हे नाव पोचलं. वर्षानुवर्षं शाळांमधून फिरणारे प्रशिक्षक पदरी होते, म्हणूनच हे काही दिवसांत उभं राहू शकलं.

जूनमध्ये लीगने उरलेला हंगाम म्युनिकच्या एकाच हॉलमध्ये संपवायचं ठरवलं. सतरापैकी दहा संघ आले. सगळे एका हॉटेलात बंद, चाचण्या, प्रेक्षक शून्य. जायचं की नाही हा निर्णय प्रत्येक क्लबचा होता. कित्येक संघांचे परदेशी खेळाडू तोवर मायदेशी गेले होते. आल्बा गेला, आणि तीन आठवड्यांत एकही सामना न हरता फायनलला पोचला. बायर्नला त्यांच्याच हॉलमध्ये लुडविग्सबुर्गने उपांत्यपूर्व फेरीत घरी पाठवलं होतं. अंतिम लढतीत आल्बाने लुडविग्सबुर्गला ८८–६५ आणि ७५–७४ असं हरवलं. दिवसाआड सामने असताना दहा-अकरा जणांना खेळवायची आईतोंची सवय कामी आली. बाकीचे दमत गेले, हे नाहीत.

बारा वर्षांनी आलेलं विजेतेपद रिकाम्या हॉलमध्ये मिळालं. बुटांची करकर आणि बाकावरच्यांच्या टाळ्या, एवढाच आवाज.

निष्पत्ती

२०२१ मध्ये फायनलमध्ये बायर्नला ३–१ हरवून विजेतेपद राखलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आईतो बर्लिनहून निघाले. त्यांच्या जागी बाहेरून कुणी आणलं नाही. २०१७ पासून त्यांच्या शेजारी बसणारे सहायक इस्राएल गोन्झालेस यांना पुढे केलं आणि २०२२ मध्ये चषक व विजेतेपद दोन्ही बर्लिनला आले. अकरावं विजेतेपद. महिलांचा संघही याच पायावर वर चढला. २०२२ मध्ये पहिल्या श्रेणीत आला आणि २०२४ मध्ये जर्मन विजेता झाला.

सप्टेंबर २०२३ मध्ये मनिलात जर्मनीने सर्बियाला ८३–७७ हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात वाग्नर बंधू, गिफाय, योहानेस थीमान आणि माओदो लो, असे आल्बाशी नातं असलेले पाच जण होते. जर्मनीचे कोच गॉर्डन हर्बर्ट, सर्बियाचे पेशिच. दोन्ही बाकांवर आल्बाचे माजी कोच.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी, २०११ ते २०१७ ही वर्षं. हार्निश यांचं काम तेव्हाही जोरात होतं. मोठ्या संघाचा कोच निवडताना 'आमच्या मुलांना खेळवशील का' हा प्रश्न पहिल्या क्रमांकावर नसावा, असं मोरित्झच्या वाट्याला आलेल्या मिनिटांवरून वाटतं. तो तेव्हाच विचारला गेला असता तर पाच-सहा वर्षं वाचली असती. अर्थात ओब्रादोविच यांच्या चषकांवर पाणी सोडायची तयारी त्या वेळी कुणी दाखवली असती का, याबद्दल मी साशंक आहे.

दुसरी गोष्ट युरोलीगची, आणि इथे माझं मत क्लबच्या निर्णयाच्या विरुद्ध जातं. युरोलीगचे चौतीस, जर्मन लीगचे चौतीस, वर चषक आणि प्लेऑफ. म्हणजे वर्षाला सत्तरच्या वर सामने. रेआल माद्रिद, ऑलिम्पियाकोस यांच्या खर्चाच्या जवळपासही आल्बा जाऊ शकत नव्हता. चांगला खेळाडू घडला की वर्षा-दोन वर्षांत श्रीमंत क्लब उचलून न्यायचा. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत आल्बा युरोलीगच्या अठरा संघांत शेवटचा राहिला. दोन्ही वेळा चौतीसपैकी पाच विजय. २०२३ मध्ये जर्मन लीगच्या उपांत्यपूर्व फेरीतही उल्मने बाहेर काढलं होतं. तेव्हाच युरोलीग सोडायला हवी होती. क्लबने ती सोडली दोन वर्षांनी, २०२५-२६ च्या हंगामासाठी, आणि फीबा या जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये जायचं ठरवलं.

बाजू त्यांचीही आहे. साडेचौदा हजार खुर्च्या भरायला मोठी नावं लागतात, आणि बर्लिनच्या मुलाला माद्रिदविरुद्ध उतरायची संधी देऊ केली तर तो अमेरिकेला जाण्याआधी दोनदा विचार करील, ही आशा खोटी नव्हती. पण अमेरिकन कॉलेजांनी आता खेळाडूंना उघड पैसे द्यायला सुरुवात केली आहे आणि त्या आकड्यांपुढे युरोलीगचं आकर्षण फिकं पडतं. त्या सत्तर सामन्यांत विमानतळ आणि हॉटेलं यांतच आठवडा संपायचा, सरावाला सलग दिवस उरायचेच नाहीत. फ्रान्झ घडला तो युरोलीगच्या आधीच्या हंगामांत, जेव्हा युरोकपचे सामने कमी होते आणि मंगळवार-बुधवारी हॉल मोकळा मिळायचा.